तिसऱ्या कडव्याचे शब्द

लॉरेल फोर्क, टेनेसी
४ मे १९९८

प्रिय टेसी हीस,
अनेक आशीर्वाद, विशेष.

लुरीनला जाऊन अकरा आठवडे झाले. या महिन्याच्या चौथ्या रविवारी थडग्यांवर फुले वाहण्याचा दिवस आहे. त्या दिवशी गेलेल्या माणसाचे गाणे त्याच्यापाशी म्हणण्याची आपली रीत तुला ठाऊकच आहे. आमची कॉरा म्हणते की ती आईचे 'ते' गाणे म्हणणार. फसलेला संसार सोडून, घराची किल्ली खिळ्याला अडकवून निघालेल्या बाईचे.

तुझ्या बहिणीने ते स्वतः रचले आणि चाळीस वर्षे गायले. तिसऱ्या कडव्याला मात्र ती केवळ गिटार वाजवी. शब्द विसरली, अशी माझी समजूत. अपूर्ण रचनेबद्दल मी तिला दोनदा सुनावलेही होते. गाण्यातला नवरा जेवायला बसताना काटा आणि सुरी पट्टीने आखल्यासारखी मांडतो. ही ओळ मी शेकडो वेळा ऐकली. परवा एकट्यासाठी काटा आणि सुरी तशीच मांडताना ती प्रथमच कानात शिरली.

तो नवरा मी असेन, तर ते गाणे तिच्या थडग्यापाशी होऊ नये, असे मला वाटते. खरे काय ते निःसंकोच लिही.

लोभात अंतर नसावे.
तुझा,
एल्डन

एल्क क्रीक
९ मे

ती. भावोजी,
नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्यानेच.

तो नवरा तुम्हीच. दुसरं कोण असणार? गणिताचे मास्तर, हसायचं तरी घड्याळ बघून!

अठ्ठावन्न सालच्या जूनमध्ये ती माझ्याकडे आली, ती माझ्या आजारपणासाठी नव्हे. ती तुम्हाला सोडून आली होती. म्हणाली, या माणसाशी बोलणं म्हणजे फळ्याशी बोलणं. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं दोन कडवी लिहिली. तुमच्यासाठी चिठ्ठी चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकात ठेवली होती. दर रविवारी पुढे उभं राहून तुम्ही जे गाणं म्हणवून घेता, त्याच पानात. नेमके त्या रविवारी चर्चमध्ये पाहुणे गायक आले आणि रीतीप्रमाणे तुम्ही आपली पाळी त्यांना दिलीत. ते पान उघडलंच नाही!

तुमचा फोन आला तेव्हा मी घाबरून ताप आल्याची थाप मारली. तिसऱ्या दिवशी तुम्ही दारात हजर. माझ्यासाठी कोंबडीचं सूप आणि तिच्यासाठी गिटारच्या तारा. म्हणालात, हिची एक तार तुटायला आली होती, ती तुटली तर हिला इथे करमायचं नाही. एवढं बोलून ट्रककडे वळलात. मी अंथरुणात खोटं कण्हतेय आणि ती दारात रडत हसतेय! मला म्हणाली, टेसे, सोडून आलेल्या बायकोला तारा आणून देणारा हा कुठला गाढव गं? आणि कपड्यांची पेटी उचलून तुमच्याच ट्रकमध्ये जाऊन बसली. घरी पोचल्यावर चिठ्ठी चुलीत घातली.

तिसऱ्या कडव्यात ती बाई कायमची जायची होती. ते लुरीननं लिहिलंच नाही. विसरली नव्हती हो!

आता गाणं व्हायचं की नाही, तुम्हीच ठरवा. रागावलात तरी माया आटू देऊ नका.
तुमची,
टेसी

लॉरेल फोर्क
१५ मे

प्रिय टेसी हीस,
अनेक आशीर्वाद, विशेष.

गाणे होईल. कॉरा तिसऱ्या कडव्याला स्वतःचे शब्द जोडणार होती. तसे करू नये, असे तिला सांगितले आहे. काल लुरीनच्या गिटारला नव्या तारा चढवल्या. कोण वाजवते, असे दुकानदाराने विचारले. बायको वाजवते, असे मी म्हणालो, आणि ते दुरुस्त केले नाही.

तू शनिवारीच ये. सूप मी करून ठेवीन. यंदा ताप आणू नये.

गाण्यांचे पुस्तक काढून ते पान उघडले. तेथे काही नसणार, हे ठाऊक होते. तरीही त्या चिठ्ठीचे उत्तर माझ्याकडून राहिले आहे. ते ऐकायला आता तूच उरली आहेस, म्हणून तुला लिहितो. चिठ्ठी त्या रविवारी मिळाली असती, तरीही मी आलो असतो. तारा घेऊनच. त्याहून अधिक बोलणे मला जमले नसते.

आहे तो लोभ सांभाळावा.
तुझा,
एल्डन