डॉक्टर सावूंचे बूट

पोयेनिता,
२० फेब्रुवारी १९८३

चि. तिबेरियूस,
प्रोफिरामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येत नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. आमच्या ह्यांना, म्हणजे तुझ्या डॉक्टरांना, पुरून आल्यापासून तू मूग गिळून बसला आहेस. तिमिशोआरातली कुत्री-मांजरं आजारी पडायची थांबली नसणार हे मला कळतं, पण म्हाताऱ्या मावशीला चार ओळी खरडायला काय होतं? इकडे मी बरी आहे. कोंबड्या अंडी देताहेत. डॉक्टरांच्या गुरांच्या दवाखान्याला कुलूप आहे, तरी पेत्राके सवयीनं मेंढी घेऊन येतो, दारापाशी आला की त्याला आठवतं, मग मेंढीशीच बोलत परत जातो.

आता कामाचं. चाळिसावा दिवस १२ मार्चला, शनिवारी धरला आहे. डॉक्टरांचा कोट, टोपी, बादली, ताट-चमचा आणि अजून दाराआडच असलेले ते उंच चामडी बूट कुणाला तरी द्यायचे आणि त्यानं त्यांच्या खुर्चीवर बसून जेवायचं. इथे जिवंत माणसानं घेतलं की तिकडे त्यांना पोचतं, हे तुला काय नव्यानं सांगायचं? माझ्या मनात तूच आहेस. चर्चचा घंटावाला पांतेलिमोन रोज काहीतरी निमित्त काढून येतो आणि मापच घेतल्यासारखा बुटांकडे बघतो. त्याची पावलं केवढीशी! दोन्ही पाय एकाच बुटात मावतील.

रजा टाक आणि ये. मावशीवरची माया शहराच्या हवेत विरू देऊ नकोस.
तुझी,
प्रोफिरामावशी


तिमिशोआरा,
२६ फेब्रुवारी १९८३

ती. प्रोफिरामावशीस,
तिबेरियूचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, बोलणीही मिळाली. दोन्ही माझ्या हक्काची आहेत.

मावशी, मी जेवायला येईन, लाकडं फोडीन, टेबलं लावीन, पाद्रीबुवांचं गाणंही ऐकून घेईन. पण ते बूट मला देऊ नकोस. दुसऱ्या कुणाला दे, नाहीतर राहू देत तिथेच. मी सात वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढली. रोज सकाळी यायचो तो आधी दाराआड बघायचो. बूट असले की डॉक्टर घरात, नसले की कुठेतरी गाय अडली आहे. आताही बूट तिथेच आहेत असं तू लिहितेस आणि मला वाटतं, म्हणजे डॉक्टर घरातच आहेत. हसू नकोस. इथे एखादं जनावर अडलं की मी मनात त्यांनाच विचारतो. ते आधी माझी अक्कल काढतात आणि मग उत्तर देतात.

ब्रादूच्या गायीची गोष्ट तुला त्यांनी कधी सांगितली का? पोट फाडून वासरू काढायचं होतं. माझी पहिलीच वेळ. सुरी माझ्या हातात दिली आणि स्वतः सिगारेट ओढायला बाहेर गेले, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. गाय वाचली, वासरू गेलं. ब्रादू अंगावर धावून आला तर डॉक्टर मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, की शिव्या मला घाल, हात माझा चुकला. परतताना मात्र गाडीत माझ्यावर डाफरले, की तोंड असंच लांब ठेवायचं असेल तर इथेच उतर आणि चालत ये. असा माणूस गेला हे मला माहीत आहे, पण अजून माझ्या तोंडून ते निघत नाही. बूट घेतले की ‘देव त्यांना क्षमा करो’ म्हणावंच लागेल, आणि ते गेलेल्यासाठीच म्हणतात.

रागावलीस तरी तुझा,
तिबेरियू


पोयेनिता,
३ मार्च १९८३

चि. तिबेरियूस आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

सात वर्षं त्यांच्याजवळ राहून तू हट्टीपणा तेवढा चांगला उचललास. बूट दाराआड ठेवून डॉक्टर घरात राहत असते तर मी सगळं घर बुटांनी भरलं असतं. रात्री त्या बिछान्यावर मी एकटी असते, तू नाही.

जी गोष्ट कुणाला सांगायची नव्हती ती आता तुला सांगते. पुरायच्या दिवशी नणंद म्हणाली, पाद्रीबुवांची बायको म्हणाली, की देवासमोर काय शेणाचे बूट घालून पाठवणार? मलाही ते पटलं. त्यांचे लग्नातले काळे शूज काढले, पुसले आणि घातले. ते शूज त्यांना कसे चावायचे, तुला ठाऊक आहे ना? ईस्टरला चर्चमध्ये उभे असताना हळूच एकेक टाच बाहेर काढायचे आणि मी कोपर मारायची. तिकडची वाट लांबची असते म्हणतात, आणि मी त्यांना त्या शूजमध्ये धाडलं. जन्मभर दुसऱ्यांच्या गायी-म्हशींसाठी चिखल तुडवला त्या माणसानं, आणि आता त्यांना पायाला फोड घेऊन चालावं लागतंय.

तू शिकलेला आहेस, हे तुला खरं वाटणार नाही. पण मला वाटतं. पांतेलिमोनला दिले तर तो ते खुंटीला टांगून ठेवील. त्यांना चालणारा माणूस हवा. तुला जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव, मी दुसरं कुणी बघेन.

वाट पाहणारी,
प्रोफिरामावशी


तिमिशोआरा,
१४ मार्च १९८३

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेला कोबीचा डबा गाडीतच संपला, शेजारचा फौजी वासावर टपून होता, त्यालाही दिला.

परवा तुला सगळ्यांसमोर ताटकळत उभं केलं, त्याची माफी मागतो. मी बूट चढवले होते, तू मेणबत्ती धरून म्हणालीस की हे डॉक्टर सावूंचे. सगळं टेबल माझ्या तोंडाकडे बघत होतं. घेणाऱ्यानं शब्द उच्चारल्याशिवाय वस्तू पोचत नाही. पाद्रीबुवांना वाटलं, शहरात राहून हा विसरला; त्यांनी कानात सांगितलंही. विसरलो नव्हतो, मावशी. मेलेल्यासाठीच म्हणायचा तो शब्द, आणि मला तो म्हणायचा नव्हता. तुझ्या डोळ्यांत बघवेना, म्हणून खाली पाहिलं.

तुझ्या पायांत तुझे लग्नातले शूज होते. ते पट्टीवाले. टाचेला कापूस कोंबलेला, मोज्यावर रक्त सुकलेलं. सण म्हणून घातले असतील असं आधी वाटलं. पण कापूस जुना होता, काळा पडलेला. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा मी म्हणालो, देव त्यांना क्षमा करो. इतक्या मोठ्यानं म्हणालो की पांतेलिमोनच्या हातातला पेला सांडला.

नंतर शेजारच्या लेओंतिनाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पुरून आल्या दिवसापासून तू तेच घालतेस, कोंबड्यांना दाणे टाकायलासुद्धा. त्या रागावल्या तेव्हा तू म्हणालीस म्हणे, की त्यांना एकट्यालाच का चावावेत?

मी स्टेशनपर्यंत बसनं गेलो नाही. चिखलातून, शेतांमधून, बूट घालून चालत गेलो. बूट मला मोठे होतात, दोन मोजे घातले. डॉक्टर गेले, मावशी. आणि चांगले आरामात चालताहेत. आता तू ते शूज काढ.

तुझाच,
तिबेरियू


पोयेनिता,
१९ मार्च १९८३

चि. तिबेरियूस आशीर्वाद.

काढले. पाय गरम पाण्यात सोडून बसले आहे आणि मांडीवर पाट ठेवून लिहिते आहे. अक्षर फुटलं असेल तर ते वाफेमुळे असं समज.

तुझी,
प्रोफिरामावशी