मामंजींनी कोरलेल्या डाळिंबाची वाटणी

मी, लिन याओमेई, कैलासवासी ये ग्वांगतिंग यांची पत्नी, वय वर्षे बहात्तर, धंदा दगडावरील कोरीवकाम, राहणार शानकोऊ, तालुका चिंगतियेन, आज कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने खाली सही करणाऱ्या साक्षीदारांना विचारावं. काल दोघेही माझ्याशी माजोंग खेळले आणि दोघेही हरले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर ते खोटं समजावं.

१) नदीकाठचं दुमजली घर, खालची कोरीवकामाची खोली आणि मागचं अंगण हे सर्व माझ्या एकटीच्या मालकीचं आहे. ते मी माझ्या पुतण्याची, ये पेइमिंगची, बायको शू लानझी हिला देते. पेइमिंगला नाही, लानझीला. लिहिताना माझी चूक झालेली नाही. ती इथेच माझ्याजवळ राहते. या घरातून तिला जा म्हणण्याचा हक्क कोणालाही राहणार नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही आणि सासूला तर नाहीच.

हे लिहायची वेळ का आली तेही सांगते. लानझीची सासू म्हणजे माझी धाकटी जाऊ, च्यूफिंग. वसंतात ती आली, चहा न घेताच बसली आणि म्हणाली, "जाऊबाई, नववर्षाला पेइमिंग येतोय. मामंजींचं ते दगडी डाळिंब हिच्या उशाशी ठेवा. या खेपेलाही दिवस गेले नाहीत, तर मी हिला माहेरी पाठवणार. सांगून ठेवते."

मी म्हटलं, "अगं, तुझा लेक स्पेनात हॉटेल चालवतो. दोन वर्षांनी पंधरा दिवस तोंड दाखवतो. डाळिंब काय ठेवतेस उशाशी? नवरा ठेव."

लानझी आत शेवया करत होती. तिने पातेलं आपटलं. त्या दिवसापासून तिची पेटी भरलेलीच असायची. मला ते बघवेना.

२) पेइमिंगला त्याच्या काकांची सायकल आणि माझी खुर्ची द्यावी. पोरगा वाईट नाही, आईपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते एवढंच.

३) बँकेतल्या पैशांतून माझं क्रियाकर्म करावं, उरतील ते लानझीचे. मला ग्वांगतिंगच्या उजव्या हाताला पुरावं. डाव्या हाताला सासूबाई आहेत. त्यांच्याजवळ मी हयातीत पुरेशी राहिले.

४) आता डाळिंब, ज्यावर सगळ्यांचा डोळा आहे. ज्यांनी ते नुसतं कपाटात पाहिलं त्यांच्यासाठी लिहिते. मुठीएवढ्या उंचीचं, हिरवट दगडाचं, एका बाजूने उकललेलं. आमच्याकडे उकललेलं डाळिंब म्हणजे लेकराबाळांनी भरलेलं घर. जितके दाणे, तितकी संतती. माझ्या लग्नासाठी मामंजींनी ते स्वतः कोरलं. आमच्या गावात दगडाला रंग लावत नाहीत, दगडात असलेला रंग पाहून त्यातून काय काढायचं ते ठरवतात. मामंजींना लाल पट्टा दिसला, तिथे त्यांनी फळ उकललं आणि लाल दाणे काढले.

घासून, तापवून मेण लावणं हे तेव्हा बायकांचं काम, म्हणून ते माझ्या हाती आलं. घासता घासता खालच्या रांगेतले दाणे पांढुरके पडले. लाल पट्टा तिथे कांद्याच्या पापुद्र्याएवढाच होता आणि हे मामंजींसारख्या कारागिराला कळायला हवं होतं. ते गप्प राहिले. सासूबाई मात्र गप्प राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. "नवी नवरी आली आणि घासून घासून आमचा वंश घालवला," हे वाक्य मी त्या जाईपर्यंत ऐकलं, जेवताना, सणावारी, पाहुण्यांसमोर. मला मूल झालं नाही, त्यामुळे कोणी मध्ये पडलंही नाही. ग्वांगतिंग रात्री माझे फुटलेले हात तेल लावून चोळायचा. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी पहिल्या दिवसापासून सांगत होते की लाल संपलेला नाही, तो मागे वळून आत गेला आहे. पुढे छिन्नी हातात घेतली, चाळीस वर्षं दगड वाचला, तरी माझं मत बदललं नाही. ते खरं की खोटं हे पाहायचं तर डाळिंब कापावं लागलं असतं.

५) तेव्हा डाळिंबासाठी कोणी घर उपसू नये. मागच्या महिन्यात मी ते करवतीने कापलं. लानझीने धरलं होतं.

"काकू, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तू घट्ट धर, करवत सरकतेय."

लाल आत होता, बोटभर जाड, मी म्हणत होते तिथेच. मी खाली बसले आणि रडले. दुःख नव्हतं ते.

त्या लाल भागातून दोन शिक्के निघाले. एकावर माझं नाव आहे, तो खाली उमटवला आहे. दुसऱ्यावर मी शू लानझी एवढंच कोरलं, कुणाची बायको आणि कुणाची सून ते लिहिलं नाही. घराच्या कागदांवर तोच उमटेल. पांढऱ्या दाण्यांचा तुकडा च्यूफिंगसाठी पुसून ठेवला आहे, तिने तो खुशाल स्वतःच्या उशाशी ठेवावा. लानझीने पेटी रिकामी करून कपडे कपाटात लावले आहेत. ते तिथून कोणी हलवू नयेत.

स्थळ: शानकोऊ. दिनांक: १२ नोव्हेंबर २००६.

लिहून ठेवणार: लिन याओमेई (सही व शिक्का)

साक्षीदार पहिला: जौ फूशंग, कोरीव कारागीर. सही माझ्यासमोर झाली. दगड कापला तेव्हाही मी हजर होतो. लाल बोटभर जाड होता. याओमेईबाईंच्या हातांचा काही दोष नव्हता.

साक्षीदार दुसरी: नी चिनश्यांग, शेजारीण. त्यांच्या सासूबाईंचं बोलणं मी भिंतीपलीकडून ऐकत आले. लाल मीही पाहिला.