आतल्या खिशावरचं नाव

जाऊबाई,

मी आत्याबाईंना घेऊन जामखेडला डोळ्यांच्या दवाखान्यात चाललेय. दूध तापवलंय. भाकरी तेवढ्या आज तुम्ही थापा.

तुमच्या पलंगावर बॅग ठेवलीय. तीच, काल आमच्या ओमच्या जावळाला तुमच्या वहिनींनी मला आहेर केलेली. "शिर्डीहून आणली," म्हणाल्या त्या. आणि तुम्ही सगळ्या बायांत मलाच ऐकवलंत, "बघ सविता, याला म्हनत्यात दुकानातलं काम. तुझ्या हातानं व्हायचं न्हाई असलं."

माझ्याच हातची आहे ती. दिवाळीनंतर तुम्ही तिरुपतीला जाणार होतात म्हणून तुमच्यासाठी तीन आठवडे शिवत होते. कोपऱ्यात जाड कापडाचे सहा पदर आले, मशीन रेटेना, चार सुया मोडल्या. शेवटी पोती शिवायच्या दाभणाने हातानेच टाके घातले. अंगठा अजून ठणकतो. तुम्ही "लई भारी" म्हणालात आणि विकतची बॅग घेऊन गेलात. ही वहिनींकडे कशी गेली, ते विचारत नाही. काल गप्प बसले ते त्यांच्या तोंडाकडे बघून, तुमच्या नव्हे.

तुम्ही दोघींनी ती एकदासुद्धा उघडली नाही, एवढं मात्र कळलं. मोठी चेन ओढून आतला खिसा बघा. त्यावर लाल दोऱ्याने तुमचं नाव भरलंय.

पुन्हा कुणाला आहेर करायची असेल तर आधी ते उसवा. ब्लेड मशीनच्या खणात आहे.

सविता