दुसऱ्या खड्ड्यातलं भांडं

मी, धातूवाल्याची विधवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाशिवाय हे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी त्यांच्या भिंतीवर बघून सांगितला.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलाला. शेड विकायला त्याने गिऱ्हाईक आणलं होतं, ते काळजीपोटी. आमच्या ठिणग्यांनी त्याचे शाळेचे शर्ट जाळले आहेत.

कलम २. शेड आणि धंदा मुलीला. हिरव्या क्रोम ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनियमची पूड मिसळून खड्ड्यात ठेवलेल्या भांड्यात पेटवायची. ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतं, मळी वर येते, क्रोम तळाशी बसतो; निवल्यावर भांडं फोडून तो काढायचा. आमचे हे कामगारांना सांगत, "ॲल्युमिनियम आमच्या हिच्यासारखं. दुसऱ्याच्या हातातलं काढून घेतल्याशिवाय निवत नाही." याबद्दल त्यांना अजून माफी नाही. खड्डे दोन असून मुलीला एकच वापरता येतो, ऑर्डरी परत पाठवाव्या लागतात. त्याचं कारण मी. पाहा कलम ४.

कलम ३. शब्दकोश जाऊबाईंना. लग्न नवं असताना हे जेवताना म्हणाले, "आज दिवसभर क्षपण होतं." मला वाटलं, क्षय. मी यांचा पेला वेगळा ठेवला, दूध-अंडी चारली आणि जाऊबाईंजवळ रडले. त्यांनी ते सगळ्या नात्यात पोचवलं. यांच्या शर्टाची बटणं तुटू लागली तेव्हा शब्दकोश उघडला. क्षपण म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेणं. तेव्हापासून वाचते. शहाणी झाले नाही, पण रडण्याआधी शब्द बघते. बाकी पुस्तकं वाचेल त्याची.

कलम ४. दुसऱ्या खड्ड्यात यांनी शेवटचं पेटवलेलं भांडं आहे. ते निवलं तेव्हा हे दवाखान्यात होते, तिथून परत आले नाहीत. भांडं मी कोणाला फोडू दिलं नाही. मुलगी खड्डा मागते, मी म्हणते, अजून गरम असेल. ती म्हणते, "आई, एवढ्या वर्षांत सूर्यसुद्धा जरा निवला असेल."

माझ्या पश्चात तिने ते फोडावं, असं इथे लिहिलं होतं. वाचून दाखवलं तर ती हळूच म्हणाली, "म्हणजे खड्ड्यासाठी मी तुझ्या मरणाची वाट बघू?"

सबब हे कलम आजपासून लागू. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात असं चालत नाही. चालत नसेल तर खोडावं. घण मी तिच्या हातात दिला आहे. आतला क्रोम भरीव निघो की जाळीदार, बाकीच्या मालात मिसळून विकावा. कपाटात मांडून ठेवू नये. मांडायला मीच पहिली धावेन.

स्थळ: शेडमागची खोली. तारीख लेखनिकांनी घालावी, माझी चुकते.

लिहून देणार: धातूवालीण (सही)

साक्षीदार: विटावाले शेजारी (सही), वाचनालयातल्या बाई (सही)

लेखनिकाची नोंद: सह्या माझ्यासमोर झाल्या. शेडमध्ये घणाचे ठोके चालू असल्याने टेबल हलत होतं. तिन्ही सह्या वाकड्या आहेत, पण खऱ्या आहेत.