ग्रामसभा भांगाच्या दिवशी भरविणेबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, पनवेल,
जि. रायगड.

अर्जदार : काशिराम बाळू कोळी, वय ६६, सेवानिवृत्त टॅली क्लार्क,
रा. कोळीवाडा, मौजे तिवरखार, ता. पनवेल.

दिनांक : २९ मे २००९

विषय : आमच्या गावची ग्रामसभा सरकारी तारखेस न भरविता भांगाच्या दिवशी, होड्या लावण्याच्या जागेवर भरविणेबाबत.

संदर्भ : १) ग्रामसभा, दि. २६ जानेवारी २००९ (तहकूब, अर्ध्या तासाने झाली).
२) माझा अर्ज, दि. ९ मार्च २००९.
३) ग्रामसभा, दि. १ मे २००९ (तहकूब).
४) तहकूब ग्रामसभा, दि. ८ मे २००९ (ही मात्र झाली).

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की,

१. मी मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होतो. बोटीतून उतरणारी पोती मोजणे व मोजणी चुकल्यास कोणाची चुकली याविषयी पत्रव्यवहार करणे, एवढेच काम मी आयुष्यभर केले. त्यामुळे कोळीवाड्यात कागद लिहायची वेळ आली की "काशीकाका, तुमीच लिवा, तुमाला सायबाची भाषा येते" असे म्हणून सर्वजण मोकळे होतात. ती भाषा निवृत्तीनंतर थोडी गंजली आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

२. आमच्या वाड्यालगत खाडीच्या काठी एक उतरती मोकळी जागा आहे. तिथे धक्का, पायऱ्या, दिवा यापैकी काहीही नाही. वाड्यातील अकराही होड्या तिथे लागतात, पावसाळ्यात तिथेच वर ओढून ठेवतात, आणि बायका मासळीच्या पाट्या तिथूनच उचलून पनवेलच्या बाजारात जातात. बाकी सगळा काठ तिवरांचा आणि चिखलाचा आहे. ती जागा गेली तर होडी लावायला लांब मोरा बंदराला जावे लागेल. मोऱ्याहून पनवेलच्या बाजारात ताजी मासळी कशी पोचवायची, हे आजवर कोणी सांगितलेले नाही.

३. सदर जागेवर भराव टाकून ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र बांधण्याचा ठराव ग्रामपंचायतीने केला आहे. मी स्वतः ज्येष्ठ नागरिक असून माझा विरंगुळा म्हणजे संध्याकाळी त्या जागी बसून होड्या येताना पाहणे. ही बाब मी सरपंचांच्या नजरेस आणली असता, केंद्राबाहेर बसविण्यात येणाऱ्या पहिल्या बाकावर माझे नाव घालण्याची तयारी त्यांनी दर्शविली. नकाशा पाहता ते बाक माझ्या मुलाच्या होडीच्या जागेवर येते. मी आभार मानून नकार दिला.

४. आता हा ठराव कसा झाला ते सांगणे भाग आहे, कारण तो आमच्या समक्ष झाला.

खाडीच्या पाण्याचा हिशेब तिथीवर चालतो, हे आपणास विदित असेलच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाण्याला ओढ असते, तेव्हा आमची डोल जाळी खाडीत लावलेली असतात आणि वाड्यात धडधाकट माणूस सापडत नाही. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असते. त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगात जाळी काढून घरी आणतात, विणतात, लग्ने ठरवतात, भांडणे मिटवतात. सव्वीस जानेवारी ही तारीख ठरविताना हा विचार झाला नसावा, आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. तथापि यंदा त्या दिवशी अमावास्या होती.

तरीही ग्रामसभेची दवंडी ऐकून आम्ही आमच्या रीतीप्रमाणे होडीमागे एक माणूस पाठविला. आमच्या गावकीत होडीमागे एक माणूस बसला की सगळा वाडा बसला असे धरतात. म्हणजे आमच्या मते त्या दिवशी संपूर्ण कोळीवाडा समाजमंदिरात हजर होता. ग्रामसेवकांच्या मते अकराजण हजर होते. मोजणी मी स्वतः पुन्हा केली. दोघांचीही बरोबर होती.

ग्रामसेवक स्वभावाने सभ्य गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "काका, शंभर माणसं लागतात. कोरम नाही, म्हणजे सभा तहकूब. अर्ध्या तासाने तहकूब सभा घेऊ, तिला कोरम लागत नाही. तोपर्यंत चहा घ्या." शंभर माणसांवाचून जी सभा होऊ शकत नाही, ती अर्धा तास थांबल्यावर कितीही माणसांत होते, हा नियम मी गोदीत कधी पाहिला नव्हता. पोती कमी भरली तर अर्ध्या तासाने ती पुरेशी होत नसत. परंतु नियम आहे, आणि चहाही आला.

५. यापुढे जे घडले त्यात चूक आमची आहे, असे ग्रामपंचायतीचे म्हणणे आहे.

आमच्या गावकीत एखादी गोष्ट ठरवायची झाली की मधोमध नारळ फोडतात. ज्याला मान्य आहे तो उठतो आणि खोबऱ्याचा तुकडा उचलतो. ज्याला मान्य नाही तो जागचा हलत नाही. बोलायचे नाही, कारण बोलले की शब्द वाढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर एका होडीत बसायचे असते. सबब, अर्ध्या तासाने तहकूब सभा सुरू होऊन भरावाचा विषय वाचून दाखविल्यावर आमची अकरा माणसे जागची हलली नाहीत. त्यांतले सर्वात वयस्कर कमलाकर नाखवा यांनी तर हातातला चहासुद्धा खाली ठेवला. आमच्याकडे याहून कडक विरोध कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

इतिवृत्तात नोंद झाली ती अशी : "कोणाचीही हरकत आली नाही. सर्वानुमते मंजूर."

माझी पत्नी शांती हिने घरी हे ऐकून जे उद्गार काढले त्यातील देण्याजोगा भाग असा : "होय म्हनाला बसून ऱ्हायाचा आन् नाय म्हनाला उठायाचा, ही कंची रीत? उठून जातो तो तर जेवनाला जातो."

६. आमच्या प्रभागाचे निवडून आलेले सदस्य श्री. कुंदन हे माझे पुतणेच आहेत. त्यांनी सभेत तोंड का उघडले नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "काका, मी पन बसूनच होतो ना." हे खरे आहे. तेही याच वाड्यात वाढले आहेत.

या ठिकाणी मागील निवडणुकीचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. मतदानाचा दिवसही उधाणाचाच होता. परंतु त्या दिवशी दोन्ही पक्षांच्या उमेदवारांनी लाँच भाड्याने घेतल्या, कर्णे लावून थेट जाळ्यांपर्यंत आले आणि माणूस न् माणूस उचलून केंद्रावर नेला. लोक ओल्या कपड्यांनी रांगेत उभे होते. बोटाला शाई लागेना, म्हणून मतदान अधिकाऱ्यांनी स्वतःचा रुमाल देऊन एकेकाचे बोट पुसून घेतले. एवढ्या मायेने आमचा हात त्याआधी वा त्यानंतर कोणत्याही कार्यालयाने धरलेला नाही. मतदान इतके झाले की शेजारच्या गावांना आमचे उदाहरण देण्यात आले. तात्पर्य, आम्ही खाडीत असतो आणि तिथून आम्हाला आणता येते, हे सर्व संबंधितांना माहीत आहे. पाच वर्षांतून एक दिवस माहीत असते.

७. संदर्भ क्र. २ चा, या ठरावाविरुद्धचा माझा अर्ज आपल्या कार्यालयाने तत्परतेने ग्रामपंचायतीकडे पाठविला, त्याबद्दल आभारी आहे. ग्रामसभेविरुद्धची तक्रार असल्याने ती ग्रामसभेसमोरच ठेवावी लागेल, असे ग्रामपंचायतीने मला कळविले. एक मे रोजी सुदैवाने वैशाख शुद्ध सप्तमी होती, म्हणजे भांग. जाळी घरी होती. या वेळी आम्ही गावकीची रीत बाजूला ठेवून सरकारी रीतीने, म्हणजे डोकी नेली. माणसे, बायका, अंगणात बसलेली म्हातारी, मोरा बंदरावर कामाला जाणारे सुद्धा रजा टाकून आले. माझी मोजणी एकशे शहाऐंशी. कृष्णाबाई नावाच्या आमच्या आजीला खुर्चीसकट उचलून आणले होते. तिला दोनदा मोजले गेल्याचा संशय असल्याने एकशे पंच्याऐंशी धरावे.

समाजमंदिरात चाळीस माणसे बसतात. आमच्या गावी कोरम पूर्ण झाल्याचे याआधी कोणाला आठवत नाही, त्यामुळे पूर्ण झाल्यावर काय करतात हे सरपंचांनाही ठाऊक नव्हते. बरीच चर्चा झाली. अखेर, उपस्थिती जागेच्या मानाने अधिक असल्याने सभा तहकूब करण्यात येत आहे, असे जाहीर झाले. माणसे कमी म्हणून एकदा तहकूब, जास्त म्हणून एकदा तहकूब. नेमकी किती माणसे आणली म्हणजे ठराव होणार नाही, हे कृपया लेखी कळवावे. तितकी आणू.

८. तहकूब सभा पुढच्या शुक्रवारी, आठ मे रोजी ठेवली. तो पौर्णिमेचा आदला दिवस. वाडा सगळा खाडीत. सभेस सरपंच, ग्रामसेवक, एक शिपाई व मी असे हजर होतो. या वेळी मी शहाणा झालो होतो. विषय वाचताच मी उठून उभा राहिलो आणि "मला हे मान्य नाही" असे मोठ्याने म्हणालो. आयुष्यात गावच्या बैठकीत मी पहिल्यांदाच असा उभा राहिलो. इतिवृत्तात नोंद झाली : "एका ग्रामस्थाची हरकत. बहुमताने मंजूर." माझा अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला.

बसलो तर सर्वानुमते आणि उठलो तर बहुमताने. तिसरी काही अवस्था कायद्यात असल्यास मार्गदर्शन व्हावे. मी त्या अवस्थेत राहायला तयार आहे.

९. सभेला जागा अपुरी पडते ही अडचण मी ग्रामसेवकांपुढे मांडली. ते म्हणाले, "काका, तीच तर सोय होतेय. केंद्रात तीनशे लोकांचा हॉल आहे. एकदा तो झाला की कुणाची सभा जागेसाठी तहकूब होणार नाही. मग तुमचा विषय पुन्हा घ्या, बिनधास्त." म्हणजे भरावाविरुद्ध आमचे म्हणणे भरावावर बांधलेल्या हॉलमध्ये बसून ऐकले जाईल. ते हे मनापासून बोलत होते. म्हणून मी रागावू शकलो नाही. घरी येऊन रागावलो.

१०. हे सर्व मी इतक्या शांतपणे लिहीत आहे त्याचे कारण मला दुसऱ्या रीतीने लिहिता येत नाही. प्रत्यक्षात मला भीती वाटते. माझा मुलगा प्रितम कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला होता. तिथली नोकरी सोडून तो दोन वर्षांपूर्वी होडीवर परत आला, आणि त्याला परत बोलावणारा मीच होतो. मी त्याला म्हणालो होतो की खाडी कुठे जात नाही. गेल्या सोमवारी दगडाचे पहिले दोन डंपर तिथे रिकामे झाले. ते त्याने पाहिले. रात्री जेवताना नुसता बसून राहिला. आमच्यात असे बसण्याचा अर्थ काय, हे मी वर लिहिले आहे.

११. तरी विनंती की,

भरावाचे काम थांबवून या विषयावर विशेष ग्रामसभा येत्या १६ जून रोजी, मंगळवारी भरवावी. त्या दिवशी ज्येष्ठ वद्य अष्टमी आहे, भांग आहे, सर्वजण घरी असतील. नोटिशीस पुरेसे दिवस मिळतात.

सभा समाजमंदिरात न घेता होड्या लावण्याच्या जागेवरच घ्यावी. दगड पडलेला कोपरा सोडून आजही तिथे पाचशे माणूस आरामात बसते, त्यामुळे गर्दीच्या कारणास्तव तहकुबीचा प्रश्न येणार नाही. भांगात पाणी तिथवर चढत नाही. मात्र सरकारी सोयीने उधाणाची तारीख ठरविल्यास दुपारी साडेबाराच्या सुमारास अध्यक्षांच्या गुडघ्याइतके पाणी येईल. पाण्यास तहकुबीचा नियम लागू नाही, हे आधीच निदर्शनास आणतो.

आपण स्वतः उपस्थित राहावे. नारळ आम्ही आणू. ज्यांना भराव मान्य आहे त्यांनी उठून खोबरे घ्यावे, ज्यांना मान्य नाही त्यांनी बसावे, आणि आपण दोन्ही मोजावीत. मोजणीस मी मदत करीन.

१२. सदर सभेस परवानगी मिळाल्यास आम्ही आभारी राहू. न मिळाल्यासही १६ जून रोजी सकाळपासून आम्ही सर्वजण त्या जागेवर असू, बायकांसह आणि कृष्णाबाईंच्या खुर्चीसह. डंपर आले तरी असू. ही विनंती नसून फक्त माहितीस्तव आहे. आम्ही घोषणा देणार नाही, कारण आम्हाला ती सवय नाही. आम्ही नुसते बसलेले असू.

कृपया या खेपेस त्याचा अर्थ संमती असा लावण्यात येऊ नये.

कळावे, आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
काशिराम बाळू कोळी
कोळीवाडा, तिवरखार

सोबत :
१) होडीमागे एक याप्रमाणे अकरा सह्या व अंगठे.
२) सरकारी रीतीने, डोक्यामागे एक याप्रमाणे एकशे पंच्याऐंशी सह्या व अंगठे. (कृष्णाबाईंचा एकच.)
३) कॅलेंडरची जून ते डिसेंबर ही पाने, भांगाचे दिवस पेन्सिलीने खुणा करून.

प्रत : ग्रामसेवक, ग्रामपंचायत तिवरखार, यांना माहितीसाठी. सभेपुढे ठेवू नये, स्वतः वाचावी.