विनोद समजावून सांग

सोलापूर, २९ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मथुराआत्यांस, उत्कर्षाचा शि. सा. न.

मोबाइलवर लिहिलं की तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून हे पत्र. परवा माझ्या नववीच्या वर्गाची गणिताची चाचणी झाली. कशी गेली विचारलं, तर पृथ्वीराज म्हणाला की पेपरनं आमच्यावर बलात्कार केला. वर्ग खो खो हसला. मी काय केलं? खडू शोधला. हातातच होता.

मुख्याध्यापक म्हणाले, पोरं आहेत, मनावर घेऊ नका. फारच वाटलं तर संस्कारांवर व्याख्यान ठेवू, चहा-बिस्किटांसह. तुम्ही तीस वर्षं शिकवलंत, काय करू सांगा. रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
उत्कर्षा

मोडनिंब, ४ डिसेंबर २०२४

चि. उत्कर्षास, आत्याचे अनेक आशीर्वाद.

त्या व्याख्यानाला माझ्यातर्फे एक हार ने. पोरं बिस्किटं खातील आणि मागच्या बाकावर नवा विनोद करतील.

मी असल्या वेळी छडी आपटून गप्प बसा म्हणायची. वर्ग गप्प व्हायचा आणि मला वाटायचं, आपण लई कडक बाई. ज्यांनी बोलायला हवं होतं त्या पोरीही त्यातच गप्प झाल्या, हे निवृत्त झाल्यावर उमगलं.

तू ओरडू नको. त्याला शांतपणे म्हण, विनोद कळला नाही, समजावून सांग की. पण त्याला एकट्याला खलनायक करू नको, नाहीतर हसणारे सगळे सुटतील. आणि कोण हसत नाही तिकडं बघ. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

आत्या

सोलापूर, बुधवार, ११ डिसेंबर २०२४

ती. स्व. आत्यांस, शि. सा. न.

सोमवारी पेपर वाटले आणि पृथ्वीराजनं तोच विनोद पुन्हा केला, वर्गही पुन्हा हसला. समजावून सांग म्हटलं. तो म्हणाला, म्हणजे पेपर अवघड होता. मग अवघड का म्हणाला नाहीस, विचारलं. सगळेच असं म्हणतात, असं पुटपुटला. मी वर्गाला सांगितलं, हे जिच्यावर ओढवलंय अशी कुणी इथं बसलेली असू शकते. आपलं हसू ऐकून ती ठरवते की इथं कुणाला सांगायचं नाही. नंतर एकटा भेटल्यावर तो म्हणाला, हे डोक्यातच आलं नव्हतं. खरंच आलं नसावं.

मुख्याध्यापक रागावलेत. मी वर्गात तो विषय काढल्यानं शाळेचं वातावरण बिघडतं म्हणे. मुलं हसली तेव्हा ठणठणीत होतं.

वर्गातली अक्षता दोन्ही वेळा हसली नव्हती. आज व्हरांड्यात तिनं एवढंच विचारलं की बाई, तुम्ही एकट्या कधी असता. मी उद्याचा चौथा तास सांगितला. तुमचं उत्तर तोवर पोचायचं नाही. मी आधी फक्त ऐकेन, आणि मग जिथं जावं लागेल तिथं तिच्याबरोबर जाईन. यावेळचा आशीर्वाद तिला द्या.

उत्कर्षा