पेल माल्ट संपल्यावर

५ जानेवारी, रविवार
घरच्या बिअरचा पेल माल्ट संपला! दुकानदार म्हणतो, इतक्यात येणार नाही, पिल्सनर माल्ट घ्या. बिअरला कडूपणा हॉप्सच्या फुलांचा, पण अंग येतं ते माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं. पिल्सनर अंगानं किरकोळ. म्हणून थोडा गडद म्युनिक माल्ट मिसळला — रंग येईल, पावाच्या कडेसारखी चव येईल. दर रविवारी बिअरला माझ्या जोडीला असतो त्या निकेशला विचारायला रोह्याला फोन केला. "कायपण टाक रे, तुझा हात हाय ना!"
कायपण? हा माणूस पोतं उघडायच्या आधी वासावरून माल्ट ओळखायचा.

२६ जानेवारी, रविवार
निकेश आला माझ्याकडं रामवाडीला. बाटली उघडली. पातळ झालीय, मला कळतंय. तो ओठ पुसून म्हणाला, "तीच चव! जरापण फरक नाय." मी त्याचा ग्लास पुन्हा भरला.

९ फेब्रुवारी
पिल्सनरही संपला. म्हटलं, माल्ट घरीच करू. पोह्यांच्या गिरणीत पोती उचलत होतो, आता गिरणी माझी — धान्य मला नवं आहे का? जवाला मोड छान आले. हलके वाळवायला भट्टीवर दिले, तर गिरणीतल्या दामूनं सवयीप्रमाणे तापल्या वाळूत भाजून काढले, पोह्याच्या भातासारखे! पिठाची साखर करायची ताकदच जळून गेली. शिजवून, साखर झाली का बघायला आयोडीनचा थेंब टाकला — काळानिळा. पीठ ते पीठच. बिअर कसली, पेज! वर दामू म्हणतो, "शेठ, वास तर फक्कड सुटलाय!"
ओतून देणार होतो. नाही दिली. डोक्यात एक किडा वळवळला.

२३ फेब्रुवारी, रविवार
त्याच पेजेत यीस्ट घालून ठेवलं होतं. आज बाटल्या रोह्याला नेल्या. निकेशनं ग्लास रिकामा केला. "झकास! आजवरची एक नंबर!"
म्हणजे मला खुळा समजतो. शाळेपासूनची दोस्ती, आणि तोंडावर लोणी लावतो! बाहेर चपला घालत होतो, तर आत नूतनवहिनींना सांगत होता, "त्याला कळता कामा नाय." माझे कान तिखट, हे त्याला ठाऊक आहे. तरी!

२४ फेब्रुवारी
बिअर शिजवायला आणलेलं त्याचं मोठं पातेलं टेम्पोत घालून परत पाठवलं. संपलं.

२५ फेब्रुवारी
नूतनवहिनींचा फोन. "भावोजी, पातेलं कशाला परत केलंत?" मी ऐकलेलं सगळं बोललो. फणकाऱ्यानंच. त्या हळू म्हणाल्या, "दिवाळीतल्या तापापासून त्यांना वास येत नाय. चव पण गेली. कडू तेवढं लागतं. तुम्हाला सांगायचं नाय म्हणाले — रविवार बंद होईल म्हणून."


२ मार्च, रविवार
रोह्याला जाऊन पातेलं घेऊन आलो. पातेल्याबरोबर तोही आला. दुकानात होता तो माल्ट आणला, कुठला ते विचारलं नाही.
हॉप्स दुप्पट टाकले.